नांदेडला राहिलेल्या चपला

लातूरच्या बसस्थानकावर मी उतरलो तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, पायात खास या प्रवासासाठी घेतलेल्या कोल्हापुरी चपला होत्या, आणि कॉम्प्युटर या विषयातलं आपल्या खानदानात फक्त मलाच कळतं असा डोक्यात पक्का समज होता. या समजाला आधार काय म्हणाल, तर उदगीरच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवत होतो तिथे एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या पूजेचा नारळ मी फोडला होता. पुढे हेडमास्तरांनी त्या यंत्रावर प्लास्टिकचं आच्छादन घातलं, खोलीला कुलूप लावलं, आणि आमचा संबंध संपला.

पण हे सगळं कोणी सांगत बसतं का? अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, विषय काढला तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, की कॉम्प्युटर ना, आमच्या शाळेत मीच बसवलाय. त्या एका वाक्याची शिक्षा म्हणून भाचीला कॉलेजं दाखवण्याची कामगिरी माझ्यावर आली.

भाचीचं नाव अंजली. घरात अंजी. नुकतीच बारावी झालेली, मार्क उत्तम. ते लातूरात क्लासेसचं पेव फुटल्याचे दिवस होते. ज्या भिंतींवर आधी सिनेमाची पोस्टरं असत, तिथे आता चष्मेवाल्या मुलामुलींचे फोटो, खाली टक्के आणि त्याखाली क्लासच्या सरांचा मुलांपेक्षा मोठा फोटो. गल्लीतल्या ज्या घरात एक खोली जास्तीची होती तिथे चार खाटा पडल्या होत्या आणि चार जिल्ह्यांतली पोरं पाठांतर करत होती. गंजगोलाईपाशी रिक्षात बसलो, तर रिक्षावाल्याने माझा शर्ट पाहून विचारलं, "फिजिक्सचे का म्याथ्सचे?" मी भूगोल म्हणालो. त्यानंतर घर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

अंजीच्या क्लासच्या सरांचं म्हणणं, मुलगी मेडिकलची आहे. दाजी, म्हणजे अंजीचे वडील, शिक्षक. ते कशालाच काही म्हणत नसत. आणि अंजीला हवी होती कॉम्प्युटर सायन्सची पदवी. मी तिला मामाच्या अधिकाराने विचारलं, कॉम्प्युटरच कशाला? ती म्हणाली, "चुकलं की ते चुकलं म्हणतं आन् गप बसतं. तुम्ही लोक गप बसत न्हाई."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. भूकंप झाला तेव्हा ही मंडळी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होती. घर दगडामातीचं, वर माळवद (मातीचं सपाट, जड छत). पहाटेच्या अंधारात दाजींनी लेकीचा हात धरून तिला ओढत बाहेर काढलं. तिघंही वाचली. शेजारच्या घरातून कोणी बाहेर आलं नाही. अंजी त्या दिवशी उजाडेपर्यंत दगड आणि फुटक्या कौलांवरून अनवाणी चालत होती. तळव्याच्या जखमा भरल्या, बदली होऊन कुटुंब लातूरला आलं, मुलगी अभ्यासाला लागली. पण तेव्हापासून चपला तिच्या हातभर अंतरातच. झोपताना उशाशी. क्लासमध्ये दाराजवळचा बाक. देवळात जायचं तर पायरीखालूनच हात जोडायचे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे, जसं अक्का अजूनही घागरीवर पेला उलटा ठेवायची (जमीन हलली की वाजावा म्हणून) आणि त्यावरही कोणी बोलत नसे.

निघताना अक्काने धपाट्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि बजावलं, "तिला कुठं चपला काढाय लावू नको. बाकी काय गोंधळ घालायचा तो घाल."

मी तसाच घातला.

पहिलं कॉलेज लातूरच्या बाहेरचं, नवं, नाव मी सांगणार नाही. कमान मोठी, बाग आखीव, मधोमध कारंजं. पाणी तेवढं नव्हतं. मी अंजीला म्हणालो, बघ, याला म्हणतात शिक्षण. कार्यालयाबाहेर सफारीतले एक भारदस्त गृहस्थ बसले होते. हे प्राचार्य, असं मी ओळखलं. लवून नमस्कार केला, मुलीची हुशारी सांगितली. तेही उठून उभे राहिले आणि फार अदबीने त्यांच्या मुलाची हुशारी सांगू लागले. मला वाटलं, काय मोकळा माणूस आहे. मी अंजीच्या गणिताबद्दल बोललो, ते पोराच्या अक्षराबद्दल बोलले. शेवटी त्यांनी हात जोडून "सर, तेवढं आमच्या पोराचं बघा" म्हटलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अहमदपूरच्या या खतविक्रेत्याने माझ्या इस्त्रीवरून मलाच प्राचार्य ठरवलं होतं. मागे अंजी तोंडावर ओढणी घेऊन खोकत होती. तो खोकला खरा नव्हता.

मग आम्हाला कॉम्प्युटरची लॅब दाखवायला नेलं, आणि दारात पाटी दिसली: पादत्राणे बाहेर काढावीत.

आजच्या पोरांना हे खोटं वाटेल. पण त्या काळात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. आत गार हवा, खिडक्यांना जाड पडदे, आणि यंत्राला धुळीचं वावडं म्हणून प्रत्येकाने अनवाणीच शिरायचं. उदगीरला नारळ फोडताना मी स्वतः चपला काढल्या होत्या. तरी अक्का बजावत होती तेव्हा ही गोष्ट मला आठवली नाही. भूगोलाच्या मास्तराला समोरचा डोंगर दिसला नाही म्हणा.

शिपाई म्हणाला, चपला काढा. अंजी म्हणाली, मी इथूनच बघते. तो म्हणाला, इथून काय दिसणार? ती म्हणाली, दिसतंय. मी मध्ये पडलो, हातात घेऊ दे म्हणालो, पण नियम म्हणजे नियम. मग कोणीतरी आत जायला हवं म्हणून मीच गेलो, यंत्रांसमोर जाणकारासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन तारीफ केली. काय ती रांग, काय तो थंडावा, प्रत्येक यंत्रावर कसं झुळझुळीत कव्हर.

कमानीबाहेर चहाच्या गाड्यावर अंजी म्हणाली, "मामा, चपलांच्या रॅकवर तुमच्या सोडून एकबी चप्पल नव्हती."

मी म्हणालो, शिस्त आहे.

"शिस्त न्हाई. कुणी जातच न्हाई आत. कव्हरं काढलेली दिसली का तुम्हाला?"

मला थंडावा दिसला होता, कव्हरं दिसली होती. ती कधी काढत नाहीत हे दिसलं नव्हतं. कशीबशी सारवासारव करत होतो, तेवढ्यात ती कपाकडे बघत म्हणाली, "पण चांगलं असतं तरी काय उपयोग? सगळीकडं असंच असणार. दारात उभं राहून कुणी शिकतं का? मी साधं गणितच घेते."

हे तिने रडून सांगितलं असतं तर मला काही सुचलं नसतं. तिने चहा चांगलाय म्हणावं तसं सांगितलं, म्हणून मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ठोकून देतो. म्हणालो, "नांदेडला असलं काही नाही. तिथे चपला घालूनच बसतात. मी स्वतः पाहिलंय."

मी नांदेडचं कॉलेज पाहिलं नव्हतं. पण पुढच्या बसने आम्ही नांदेडला निघालो.

चाकूर गेलं, अहमदपूर आलं. जून अर्धा सरला होता तरी आभाळ कोरडं ठणठणीत, नांगरून ठेवलेली काळी रानं दोन्ही अंगांना, आणि खिडकीतून फुफाटा (तापलेली धूळ) तोंडावर. अहमदपूरला भजी खाल्ली. मिरची मी मोजून एकच खाल्ली आणि लोह्यापर्यंत पाणी पीत राहिलो. लोह्याला सलीमभाई बसमध्ये चढले. बांगड्यांचे व्यापारी, राहणार नांदेड, पांढरी दाढी, हातात फडक्यात बांधलेल्या पेट्यांची चळत. एक पेटी त्यांनी सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "मास्तर, काचेचा माल हाय. शिंक आली तर आधी सांगा."

आम्ही कुठे निघालो हे त्यांनी विचारलं आणि उत्तर मी दिलं. लोह्यापासून नांदेडपर्यंत तेच देत होतो. कॉम्प्युटर म्हणजे काय, मराठवाड्याचं भवितव्य काय, नांदेड शहर मला कसं तोंडपाठ आहे. सलीमभाई हाव, हाव (हो, हो) करत ऐकत होते. गोदावरीच्या पुलावर बस आली, मी अंजीला नदी दाखवली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचं कॉलेज तर नदीच्या अलीकडंच ऱ्हायलं. माळावर. मघाशी गेलं ते."

मी म्हणालो, मग सांगायचं नाही का?

"सांगून राहिलो होतो की. तुम्ही थांबले तर सांगू."

अंजी पुन्हा ओढणीत खोकली.

दुपारची जेवणाची सुट्टी असणार, आता जाऊन काही कामाचं नाही, असं म्हणत सलीमभाईंनी आम्हाला घरी नेलं. मी तोंडदेखलं नको म्हणालो. पायऱ्या चढून जायचं जुनं घर, खाली दुकान, वर दोन खोल्या. उंबऱ्याशी सगळ्यांच्या चपला निघाल्या आणि अंजी थांबली. मी घसा साफ करून एखादं कारण रचणार, तोच सलीमभाईंच्या पत्नी, भाभी, आतून आल्या, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि काही न विचारता सतरंजी ओढून उंबऱ्याला लावली. "बेटा, हिथंच बस. हवा चांगली येते." चपला उंबऱ्यापलीकडे, अंजी अलीकडे, मध्ये वीतभर अंतर. ती जेवली, पोटभर. मला भाभींनी सरळ विचारलं, मास्तरांना गोश्त चालत नाही ना, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाड्याची भाजी आणि खट्टी दाल (चिंचेची आंबट डाळ) वाढली. आमचे धपाटे आम्ही त्यांना दिले. भाभी म्हणाल्या, तीळ थोडे कमी पडले. मी अक्काला हे कधीही सांगितलं नाही.

निघताना अंजीच्या हातात त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या आणि एक कापडी पिशवी दिली, दुकानातल्या उरलेल्या कापडाची, काठाला थोडी जर. डबा न्यायला म्हणून. आम्ही त्यांचे कोण होतो? बसमध्ये ज्याच्या मांडीवर पेटी ठेवली तो माणूस, एवढेच.

माळावरच्या कॉलेजाला रिक्षाने परत आलो. कमान नाही, बाग नाही. एक बैठी इमारत, शेजारी कडुलिंबाचं झाड, आणि झाडापलीकडे पत्र्याची लांब शेड. चौकशी केली तर लॅब तीच. माझा चेहरा पडला. दार एका अंगाला कललेलं, खिडकीत कूलर घरघरतोय. आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. लग्नघराबाहेर असतो तसा. एकावर एक, रबरी, चामडी, झिजलेल्या, एकीला तारेचा अंगठा.

म्हणजे इथेही काढाव्याच लागत होत्या. अंजीने ढीग पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही स्वतः पाहिलंय ना, मामा?"

मी काही बोलणार तोच दारात एक बाई आल्या. हाताला खडू, पाय अनवाणी. शिकवणाऱ्या मॅडम. मी अक्काची ताकीद आणि अंजीला मारलेली थाप अशा दोन्ही दगडांवर उभा होतो, म्हणून तिसरी गोष्ट केली. पुढे झालो आणि गंभीर आवाजात म्हणालो, की मुलीच्या तळव्यांना एक चर्मरोग आहे, डॉक्टरांनी पाय टेकवायला मनाई केली आहे, सांसर्गिक आहे, यंत्रांना बाधू शकतो.

मॅडमनी अंजीच्या पायांकडे पाहिलं. "यंत्रांना?"

"मामा खोटं बोलून राहिले," अंजी म्हणाली. थोडी थांबली. पिशवीचा बंद तिने मुठीत गुंडाळला होता. "मला काय रोग न्हाई, मॅडम. आम्ही भूकंपातले हावोत. तेव्हा पायात काय नव्हतं. चपला लांब ऱ्हायल्या की मला एका जागी बसवत न्हाई. डोक्यात काय शिरतच न्हाई मग."

इतकी वर्षं झाली होती, आणि हे तिच्या तोंडून मी प्रथम ऐकत होतो. तेही मला सांगितलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, गाव कोणतं? अंजीने सांगितलं. मॅडमनी मान हलवली. त्या बाजूची गावं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली होती. मला वाटलं आता सहानुभूतीचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "पिशवी रिकामी आहे का?"

पिशवीत डबा होता. तो माझ्या हातात आला.

"चपला झटक. जोरात. त्यात घाल आणि आण आत. पायाशी ठेव." आणि मागे वळता वळता, "धूळ नको आत, बाकी काही आण."

एवढंच होतं ते. लातूरच्या शिपायाच्या हातात नियम होता, मॅडमना तो नियम कशासाठी आहे हे ठाऊक होतं. आणि मी दोन्ही ठिकाणी नुसता बोलत होतो.

आत जाण्याआधी अंजीने एकच प्रश्न विचारला, जो मी दिवसभरात कुठे विचारला नव्हता: प्रॅक्टिकलला मशीन एकटीला मिळतं का? मॅडम म्हणाल्या, नाही. दोघांत एक. कधी तिघांत. वीज गेली तर कोणालाच नाही. सकाळी सगळ्यांआधी येशील तर एकटीला. मी मनात म्हटलं, असं कोणी सांगतं का? अंजी आत गेली.

मीही माझ्या कोल्हापुरी काढून ढिगावर ठेवल्या आणि दारातून डोकावलो. पत्र्याखाली दाटीवाटीने बसलेली पोरं, एकही कव्हर नाही, एका पडद्यावर तीन-तीन डोकी आणि तिन्ही भांडतायत. मॅडमनी एका मुलीला सरकायला सांगून अंजीला बसवलं. पायाशी जरीकाठी पिशवी. पहिल्यांदा तिने टाचेने पिशवी चाचपून पाहिली. पुन्हा एकदा चाचपली. मग ती शेजारची मुलगी काहीतरी म्हणाली, अंजी पुढे वाकली, आणि मला तिची फक्त पाठ दिसू लागली.

मी लिंबाखाली येऊन बसलो. मिरची आणि खट्टी दाल यांची पोटात ओळख पटत होती. डोळा लागला.

जाग आली ती कलकलाटाने. तास सुटला होता, पोरं बाहेर येत होती, बोलता बोलता पाय चपलांत सरकवत होती, खाली न बघता. ढीग बघता बघता वितळला. मी उठून गेलो तोवर तिथे दोन रबरी चपला उरल्या होत्या. एकीचा पट्टा निळा, दुसरीचा हिरवा, आणि दोन्ही डाव्या पायाच्या. माझ्या कोल्हापुरी कोणाच्या तरी पायांतून विद्येच्या मार्गाला लागल्या होत्या.

अंजी सगळ्यांच्या शेवटी आली. ती बोलत येत होती, माझ्याशीच बहुधा; पाढे छापणारा काही प्रोग्रॅम होता, तो तेराच्या पाढ्याला अडायचा, आणि चूक त्या दोघींनी शोधली, मॅडमनी सांगितली नाही, स्वतः शोधली. शेडपासून लिंबापर्यंतची तापलेली जमीन ती तशीच चालत आली. सावलीत येऊन थांबली आणि तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"मामा, तुमच्या चपला?"

"गेल्या."

ती हसायला लागली. ओढणी वगैरे काही नाही, उघडं हसू. हसता हसता तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

पिशवी आतच राहिली होती. टेबलाखाली.

माझ्याकडे त्या क्षणी निदान तीन विनोद तयार होते. 'तुम्ही लोक गप बसत न्हाई' हे तिचं बोलणं आठवलं, आणि आयुष्यात एकदा मी गप बसलो.

ती धावली नाही. वळली, चटके बसत होते म्हणून थोडी लांब पावलं टाकत शेडकडे गेली, पिशवी खांद्याला अडकवून आली, सावलीत बसून चपला बाहेर काढल्या, घातल्या. मग म्हणाली, "हेच कॉलेज."

मी म्हणालो, अगं पण पत्र्याची शेड, दोघांत एक मशीन, बाग नाही.

"बाहेर चपला किती होत्या, बघितल्या न्हाई का तुम्ही?"

परतीच्या बसमध्ये मी दोन डाव्या पायांनी चढलो. कंडक्टरने तिकीट फाडताना खाली पाहिलं, काही विचारलं नाही. एसटीने प्रवास करणाऱ्यांना असं बरंच माफ असतं. लातूरला घरी पोचलो तर अक्काची नजर आधी लेकीच्या पायांवर गेली, मग माझ्या. म्हणाली, "तुला चपला सांभाळाय सांगितलं होतं." मी म्हणालो, तिच्या सांभाळल्या. मग अंजीने आईला सगळं सांगितलं. माझ्या चर्मरोगासकट. दाजी, जे कधी काही म्हणत नसत, ते ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं." आणि बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

अंजी त्याच शेडमध्ये शिकली. सगळ्यांआधी जायची. आता ती मोठ्या शहरात याच कामात आहे, आणि तिथल्या कचेरीत लोक बूट घालून कॉम्प्युटरपुढे बसतात, हे पाहून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. घरी तिच्या उशाशी आजही चपला असतात. पण काम करताना त्या कुठे आहेत हे तिला कधी कधी विचारावं लागतं, असं जावईबापू सांगतात.

मला अजून नांदेडला जायचं झालं की भाभींसाठी धपाटे नेतो, तीळ जास्तीचे घालून. मॅडमना मी एकदाच भेटलो, नीट आभार मानायला, आणि त्यांनी सगळ्यांत आधी माझ्या त्वचेची चौकशी केली.

राहिला तो माझ्या कोल्हापुरी घालून गेलेला पोरगा. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. पण त्या दुपारी मी अनवाणी नसतो, तर अंजीने खाली पाहिलंच नसतं. बाबा रे, जिथे असशील तिथे सुखी राहा. चपला नव्या होत्या, पहिले काही दिवस अंगठ्याला चावल्या असतील, तेवढं माफ कर.